चौकटीबाहेर उरलेलं

काच बदलायची होती, एवढंच काम होतं.

दुपारी कंपनीच्या रिसेप्शनवरून फोन आला तेव्हा चौकटवाली आपल्या दुकानात एका म्हाताऱ्या जोडप्याच्या फोटोला माउंटचा पुठ्ठा कापत बसली होती. "मॅडम, भिंतीवरच्या एका बोर्डाची काच तडकलीय. संध्याकाळी बक्षीस समारंभ आहे, त्याआधी बदलून द्याल का?" देते म्हणाली. काच कागदात गुंडाळली, कटर, पक्कड आणि खिळ्यांची डबी पिशवीत टाकली, शटर ओढलं नि निघाली. नाहीतरी तिला तिकडे जायचंच होतं. बक्षीस तिच्या भावाला मिळणार होतं.

भावाला ती छोट्या म्हणायची. छोट्या तिच्याहून चांगला वीतभर उंच, टक्कल पडू लागलेलं, स्वतःच्या मुलांना शाळेत सोडणारा बाप. पण आई गेल्यापासून तिनेच वाढवलेला, त्यामुळे छोट्या. जुनी नोकरी गेली तेव्हा तो कितीतरी महिने सोफ्याच्या एकाच कोपऱ्यात बसून होता. त्या कोपऱ्यातला स्पंज खचला आणि त्याच्याबरोबर माणूसही. मग पाणी शुद्ध करण्याची यंत्रं विकणारी ही कंपनी भेटली आणि छोट्या पुन्हा रोज दाढी करू लागला. आज त्याला सगळ्यांसमोर विभागप्रमुख करणार होते. म्हणून कंपनीबद्दल जे काही वाटायचं, ते चौकटवाली गिळून टाकायची.

आणि वाटायचं पुष्कळ. कंपनीत एक कोच होता. यंत्राचा नळ कुठल्या बाजूला असतो हे त्याला सांगता आलं नसतं, पण माणसाला कुठून पिरगाळायचं हे पाठ होतं. नव्याने आलेल्या प्रत्येकाला तो एक मोठा पुठ्ठा द्यायचा. व्हिजन बोर्ड. आयुष्यात जे हवंय ते त्यावर चिकटवायचं आणि रोज सकाळी समोर उभं राहून 'हे माझं आहे' असं मोठ्याने म्हणायचं. मासिकातली देखणी माणसं चालणार नाहीत, स्वतःचा खरा फोटो हवा. गाडी हवी असेल तर शोरूममध्ये जाऊन गाडीला टेकून फोटो काढा. बंगला हवा असेल तर कुणाच्या तरी बंगल्याच्या फाटकावर हात ठेवून काढा. पगार का थकला असं कुणी विचारलं, की कोच त्याच्या खांद्यावर थोपटत विचारायचा, "तुझ्या बोर्डावर पगार आहे का रे?" मोठमोठी, शिकलेली माणसं यावर मान खाली घालून हसायची. त्या हसण्याची चौकटवालीला चीड यायची.

"चिकटवून मिळत असतं ना, तर डिंक बनवणारे आज राजवाड्यात राहिले असते," ती एकदा कोचला तोंडावर म्हणाली होती.

"म्हणूनच तुम्ही दुसऱ्यांच्या स्वप्नांना खिळे मारताय, मॅडम," कोच गोड हसून म्हणाला, आणि बोर्डांचा गठ्ठा तिच्या टेबलावर ठेवला. फ्रेमा त्याच्याच होत्या, घाऊक घेतलेल्या, सगळ्या एका मापाच्या. बोर्ड मात्र ज्याचे त्याचे, कमीजास्त.

"हे बसायचे नाहीत यात," ती म्हणाली.

"बाहेर येईल ते कापा. स्वप्नाला चौकट लागते."

तिने कापलं. बोर्ड ती नेहमी पालथे घालून पाठीमागून कापायची, म्हणजे पातं घसरलं तरी चित्रावर ओरखडा येत नाही. पोलादी पट्टी दाबायची, कटर ओढायचा, कतरण टोपलीत. पुढून काय जातंय ते बघायची रीत नव्हती. टोपली भरली तेव्हा वर चकचकीत काळ्या बुटांचा एक जोड दिसला होता, घोट्यापासून गुडघ्यांपर्यंत पँटसकट, आणि एका बाईचा पंजा, अंगठी घातलेला. तेव्हा तिला हसू आलं होतं.

कंपनीच्या इमारतीत समारंभाची गडबड होती. खाली सभागृहात ध्वनिक्षेपक तपासत होते, कुणीतरी पुन्हा पुन्हा 'हॅलो, हॅलो' म्हणत होतं. वरच्या मजल्यावर, जिथे बोर्ड टांगले होते, तिथे कुणीच नव्हतं. लांबट खोली, खिडक्यांना जाड पडदे, आणि भिंतभर काचेमागची माणसं. सगळी हसणारी. रिसेप्शनवरची मुलगी तिला तिथवर घेऊन आली आणि दारातच थांबली.

"आत ये की."

"नको. वास येतो इथे."

वास होताच. आधी तिला वाटलं, डिंकाचा. मग वाटलं, ओलसर लोखंडाचा. जवळ गेल्यावर कळलं की हा वास आपण ओळखतो. काच कापताना बोट खोल चिरलं, की रक्त थांबवायला ते तोंडात धरायचं, तेव्हा जिभेवर येते तीच चव.

तडकलेला बोर्ड एका तरुण माणसाचा होता. लाल गाडीच्या पुढच्या बाजूला टेकून, हाताची घडी घालून उभा. फ्रेम गुडघ्यांवर संपत होती. काचेला तडा खालच्या कडेने गेला होता आणि तिथूनच कागद तपकिरी होत वर चढला होता, बिस्कीट चहात धरल्यावर चढतो तसा. तिने काचेवर बोट फिरवलं. तडा बाहेरून लागत नव्हता. आतून होता.

"पाणी गेलंय वाटतं," ती म्हणाली. "याला बोलव, दुसरा बोर्ड करायला लागेल."

"तो... येत नाही आता." मुलगी दारातूनच बोलत होती. "तुम्हाला माहीत नाही? त्याला गाडी मिळाली ना बक्षिसात. हीच, लाल. ताब्यात घेतली त्याच दिवशी, रस्त्याच्या कडेला उभी करून पुढे टेकून फोटो काढत होता. समोरून ट्रक आला. ड्रायव्हर म्हणे शिंकला. ट्रकचा पुढचा बंपर आणि गाडीचा पुढचा बंपर, यांच्यामध्ये..." तिने हाताने स्वतःच्या गुडघ्यांवर एक आडवी रेघ ओढली. "दोन्ही."

चौकटवालीच्या डोळ्यांसमोर टोपलीतले ते बूट आले.

"काही जोडता नाही आलं?"

"जोडायला काय होतं? चिरडलेलं नव्हतं हो, तेच तर सगळे म्हणतात. साफ कापलेलं होतं. पण पाय मिळालेच नाहीत. ट्रकखाली नाही, गटारात नाही. माणसं कंदील-बॅटऱ्या घेऊन शोधत होती." मुलगी आणखी एक पाऊल मागे सरली. "कोचसर म्हणाले, गाडी मिळाली की नाही ते बघा. आज त्याला व्हीलचेअरवर मंचावर आणणार आहेत."

चौकटवालीने शेजारच्या बोर्डाकडे पाहिलं. तिथे एक हसरी बाई फाटकाशी उभी होती. हात लांब करून फाटकाच्या कडीवर ठेवलेला असणार, कारण मनगटावर फ्रेम संपली होती. तिथेही तपकिरी डाग चढला होता. काचेच्या आत, कडेला, एक थेंब जमला होता. ती बघत असतानाच तो ओघळला.

"आणि ही?"

"ताईऽ, नका ना विचारू..."

"ही कुठाय?"

"बंगला मिळाला. वाऱ्याने फाटक आपटलं." मुलगी रडायलाच आली होती. "लोखंडी आहे म्हणे. नवं. कडी लावायला गेली होती."

चौकटवाली एकेका बोर्डावरून नजर फिरवू लागली. जिथे कडेला आकाश होतं, भिंत होती, झाड होतं, तिथे कागद पांढराशुभ्र. जिथे माणूस कडेला गेला होता, तिथे डाग चढला होता, नाहीतर चढायची वाट बघत होता. एकाचा कान बाहेर राहिला होता. एकीने कडेवर बाळ घेतलं होतं आणि त्या बाळाचं... तिने डोळे मिटले. हे तिने कापलं होतं. तिच्या हाताने, तिच्या पट्टीने, पालथं घालून. कुणीतरी 'कापा' म्हणालं म्हणून.

मग तिला आठवलं, त्या गठ्ठ्यात छोट्याचाही बोर्ड होता.

"माझ्या भावाचा कुठाय?"

"तो खाली नेला. विजेता बोर्ड हातात घेऊन वर येणार आहे. मंचाखालून. कोचसरांनी लिफ्ट बसवून घेतलीय, धूर-बिर सोडून... मॅडम? मॅडम, तुमची काच!"

काच तिथेच राहिली. चौकटवाली जिने उतरत होती आणि आठवण्याचा प्रयत्न करत होती. छोट्याच्या बोर्डाची कुठली बाजू कापली? वरची? वर डोकं असणार. पालथा पुठ्ठा, पाठीवर त्याच्या गिचमिड अक्षरात त्याचं नाव, एवढंच आठवत होतं. काच पुसून बसवताना पुढून पाहिला असणार, पण चौकटवाल्याची नजर कडेवर असते, धुळीवर असते. मधल्या माणसाकडे कोण बघतो?

सभागृह भरलं होतं. कडेच्या दारातून ती मंचाखाली शिरली. बुटकी, काळोखी जागा, वर फळ्या, फळ्यांवर बुटांची धडधड. मधोमध एक लोखंडी पाट, त्याला छातीपर्यंत कठडा, आणि वर मंचाला तेवढ्याच मापाचं चौकोनी भोक. पाटावर नवा सूट घातलेला छोट्या बोर्ड छातीशी धरून उभा होता. भोकातून पडणाऱ्या निळ्या उजेडात तो शाळेच्या गॅदरिंगमध्ये सरदार झाला होता तेव्हासारखाच दिसत होता. घाबरलेला आणि फुगलेला.

"ताई! तू इथे कशी? वर बस ना, पहिल्या रांगेत जागा ठेवलीय तुझी."

"बोर्ड दे इकडे."

"आत्ता?"

"दे म्हणते ना, गाढवा!"

त्याने कठड्यावरून बोर्ड दिला. तिने मोबाईलचा उजेड टाकला आणि कडा तपासल्या. वर पडदा, त्याच्या केसांच्या वर बोटभर मोकळी जागा. डावीकडे ट्रॉफीचं चित्र, अख्खं. खाली चिकटवलेला मंच, त्यावर त्याचे दोन्ही बूट. उजवीकडे नुसता निळा कागद. कुठेच काही तुटलं नव्हतं. कागद कोरडा ठणठणीत. ती हसायला लागली.

"काय झालं गं?"

"काही नाही. नखसुद्धा नाही गेलं तुझं."

"तू आणि तुझं नख," छोट्या म्हणाला. "आण तो इकडे, बोलावतील आता."

ती बोर्ड परत देणार तेवढ्यात उजेड फोटोच्या मधोमध पडला. छोट्याच्या खांद्यावर एक हात होता. कोपराच्या जरा खाली कात्रीने गोल कापलेला. बाकीचं माणूस नव्हतंच, नुसता हात, पण खांद्यावर घट्ट, बोटं कापडात रुतलेली. पहिल्या बोटाचं नख मधोमध दुभंगून वाकडं वाढलेलं. काचेने कापलं होतं, दुकान काढायच्या आधी, काम शिकताना.

"हा फोटो कुठला?" तिचा आवाज तिलाच लांबून आला.

"तुझ्या दुकानाच्या उद्घाटनाचा. आपण दोघं होतो ना, तोच. चांगला आलाय माझा एवढा एकच." तो ओशाळला. "तुला कापायचं नव्हतं गं. कोच म्हणाले, बोर्डावर दुसऱ्या कुणाची सावली नको, तुझा एकट्याचा फोटो हवा. पण हात काढायला गेलो तर माझा खांदा फाटायला लागला. मग राहू दिला. म्हटलं, असू दे. बरं वाटतं."

वर टाळ्या सुरू झाल्या. व्हीलचेअरची चाकं फळ्यांवरून कुरकुरत गेली. कोचचा आवाज घुमला, "गाडी मिळाली की नाही?" आणि एका माणसाचा बारीक आवाज आला, "मिळाली, सर."

"छोट्या, खाली उतर."

"काय?"

"उतर. मी सांगते नंतर. आज नको जाऊस वर."

तो तिच्याकडे बघत राहिला. त्याचा चेहरा सोफ्याच्या त्या कोपऱ्यातला झाला. "ताई," तो हळूच म्हणाला, "आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं नाव पुकारणार आहे. तुला नको असेल तर उतरतो. सांग."

बोर्ड आपटून काच फोडावी, हात खरवडून काढावा, असं तिच्या मनात आलं. पण खरवडला तर खांदा फाटत होता. तिने बोर्ड त्याच्या हातात दिला. उजवा हात पाठीमागे नेला, डाव्या हाताने मनगट करकचून धरलं आणि चार पावलं मागे सरून खांबाला पाठ लावली. लांब राहिलं म्हणजे झालं. तो वर जाईल, ट्रॉफी घेईल, आपण इथून हलायचंच नाही.

"जा," ती म्हणाली. "भाषण लांबवू नकोस."

नाव पुकारलं गेलं. मोटर गुरगुरली, पाट हिसका देऊन वर निघाला, कुठूनतरी पांढरा धूर सुटला. छोट्याची छाती, मग चेहरा उजेडाकडे चढू लागला. आणि मग त्याने लहानपणापासून करायचा तेच केलं. झोपाळ्यावर बसला, सायकल चालवली, स्टेजवर चढला, की तो आधी ताई बघतेय ना ते बघायचा. कठड्यावरून मान बाहेर काढून, खाली वाकून, धुरातून तिला शोधत तो ओरडला, "ताई! बघतेयस ना?"

वरून मंचाच्या भोकाची लोखंडी कड त्याच्या मानेवर येत होती. खाली कठड्याची पट्टी.

ती कधी पळाली, कशावर चढली, तिला सांगता येत नाही. एक खोकं पायाखाली आलं एवढं खरं. तिने उजवा हात सरळ वर घातला, त्याचा खांदा धरला आणि अंगातला सगळा जोर लावून त्याला आत ढकललं. तो मागे गेला. हात खांद्यावरच होता.

आवाज फार मोठा नव्हता. पुठ्ठ्यातून पट्टीच्या आधाराने कटर ओढला की येतो तसा, एक कोरडा, सरळ आवाज. मग पाट वर गेला, भोक बंद झालं, आणि ती काळोखात खोक्यावरून पाठीवर पडली. दुखत नव्हतं. तोंडावर काहीतरी गरम, ठोक्याठोक्याने उडत होतं. ते आपलंच आहे हे कळायला वेळ लागला. वर छोट्या पांढऱ्या धुरातून उगवला होता, सूट लालभडक, तोंड उघडं, आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं, धुरासारखंच हेही काहीतरी बसवलेलं आहे. तो किंचाळत होता, तेही माइकवर छान घुमत होतं. रिसेप्शनवरच्या मुलीने खाली धावत येऊन स्वतःची ओढणी त्या थोटकाला आवळून बांधली, म्हणून चौकटवाली जगली. बाकी कुणाच्याही टाळ्या थांबल्या नव्हत्या.

हात सापडला नाही. डॉक्टरांनी बर्फ तयार ठेवला होता. पाट उतरवला, मोटर खोलली, फळ्या उचकटल्या, छोट्याचा कोटसुद्धा उलटासुलटा झटकला. नाही.

कोच वॉर्डात आला तो फुलं घेऊन, दुपारच्या भेटीच्या वेळी. खुर्ची ओढून बसला. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं, आणि तेच बघवत नव्हतं. "मॅडम, भावासाठी एवढं... मी पुढच्या प्रत्येक बॅचला तुमची गोष्ट सांगणार आहे. आणि बघा, त्याच्या बोर्डावरचं एकूण एक खरं झालं."

"बोर्ड उतरव," ती म्हणाली. "भिंतीवरचे सगळे. त्या बाळाचा आधी उतरव. आजच्या आज."

"उतरवू कसे? लोकांची स्वप्नं आहेत ती. कुणीच तयार नाही." तो खरोखरच चकित झाला होता. "उलट नवीन लोक रांगेत आहेत. मी विचारणारच होतो, डाव्या हाताने जमेल का तुम्हाला?"

तिने उशाशी असलेला स्टीलचा तांब्या डाव्या हाताने उचलला आणि त्याच्या तोंडावर मारला. दात पडल्याचा आवाज झाला. नर्सने धावत येऊन त्याला बाहेर नेलं. तोंडाला रुमाल लावूनही तो मान डोलावत होता, काहीतरी शिकायला मिळाल्यासारखा.

छोट्या संध्याकाळी आला. विभागप्रमुख झाल्यापासून तो रोज संध्याकाळी यायचा, पलंगाशी बसून राहायचा. आज बसल्या बसल्या त्याने डावा खांदा जरासा उडवला. मग पुन्हा उडवला.

"काय होतंय?"

"काही नाही. जड वाटतं."

नर्सने तिला आधीच समजावलं होतं, की नसलेला हातही आहेसा वाटतो, बोटं दुखतात, खाजतात, मेंदूला कळायला वेळ लागतो, घाबरायचं नाही. तिला बोटं जाणवत होती, पहिल्या दिवसापासून. पण ती दुखत नव्हती, खाजतही नव्हती. त्यांना कापड जाणवत होतं. शर्टाचं, इस्त्री केलेलं. त्याखालचं हाड. छोट्या श्वास घ्यायचा तेव्हा ती बोटं वर व्हायची आणि सोडला की खाली. तो घरी गेल्यावरही व्हायची. एका परीने तिला बरंच वाटायचं. तो झोपलाय की जागा आहे, ते कळायचं.

"ताई, आता दिवा लावू?"

"लाव."

तो उठून बटणाकडे गेला, तिच्याकडे पाठ करून. आणि तेवढ्यात तिला बोटांखाली कापड संपल्याचं जाणवलं. कॉलरची कडक कड, मग ऊबदार कातडी, बारीक घाम, आणि आत टकटक उडणारी शीर. दुभंगलेलं नख त्या शिरेवर येऊन थांबलं.

तिने बोटं मागे घेतली. सगळा जीव एकवटून घेतली.

ती मागे आली नाहीत.

"छोट्या," ती म्हणाली, "इकडे ये... हळू."

"अगं, येतो," तो म्हणाला आणि खोकला.